सीडीवरचे झॉम्बी : चित्रित व्हिडिओवरच्या नेमबाजी गेम्सची पार्श्वभूमी

'कॉर्प्स किलर' हा झॉम्बींवर, म्हणजे चालत्या प्रेतांवर, गोळ्या झाडायचा व्हिडिओ गेम १९९४ साली आला तेव्हा चित्रित केलेल्या खऱ्या माणसावर नेम धरायला लावण्याची कल्पना वीस वर्षांची झाली होती. निन्टेन्डोने १९७४ साली 'वाइल्ड गनमॅन' नावाचं यंत्र आर्केडसाठी (नाणं टाकून खेळायच्या गेमघरांसाठी) काढलं. त्यात संगणक नव्हताच. १६ मिमी फिल्मवर चित्रित केलेला बंदूकधारी पडद्यावर यायचा. वेळेत नेम लागला तर तो कोसळल्याचं दृश्य, नाही तर त्याने गोळी झाडल्याचं दृश्य. पुढच्या पंचवीस वर्षांत माध्यमं बदलत गेली, फिल्मच्या जागी लेझरडिस्क, म्हणजे व्हिडिओ साठवणारी मोठी तबकडी, आली, मग व्हीएचएस टेप, मग सीडी. पण हा गाभा जवळपास तसाच राहिला. दोन दृश्यं आधीच चित्रित करून ठेवायची आणि खेळणाऱ्याच्या बोटावरून कोणतं दाखवायचं ते ठरवायचं.

मग त्यात झॉम्बी कुठून आले? बहुतेक जण याचं उत्तर भयपटांच्या लोकप्रियतेत शोधतात. आमच्या मते खरं उत्तर यंत्राच्या हिशेबात आहे. त्या काळच्या कन्सोलला, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या घरगुती यंत्राला, जेवढं जमत होतं तेवढ्यात नीट बसणारा एकच शत्रू होता : जो चाली खेळत नाही, आडोसा घेत नाही, सरळ अंगावर येतो आणि ज्याचं हलणं अडखळत असलं तरी कुणी तक्रार करत नाही. (मराठीत 'झोंबी' म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. या गेम्समधले झॉम्बी नेमकं तेवढंच करतात, हा निव्वळ योगायोग.)

लेझरडिस्कच्या काळात दोन वाटा फुटल्या आणि पुढचं सगळं त्यांवरूनच गेलं. १९८३ च्या 'ड्रॅगन्स लेअर'मध्ये पडद्यावर जे दिसतं ते सगळं डिस्कवरचंच. खेळणाऱ्याने ठरलेल्या क्षणी ठरलेली दिशा दाबली की पुढचा तुकडा लागतो. त्याच वर्षीच्या, सेगा या जपानी कंपनीच्या 'ॲस्ट्रॉन बेल्ट'मध्ये मात्र डिस्कवरचा व्हिडिओ फक्त मागे चालतो आणि त्यावर संगणकाने काढलेली अवकाशयानं फिरतात. पहिली वाट फाट्यांची, दुसरी थरांची.

फाट्यांची वाट बंदुकीला जोडून लोकप्रिय केली ती न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या अमेरिकन लेझर गेम्सने. पोलिसांना नेमबाजीचं प्रशिक्षण देणारी व्हिडिओ यंत्रं हा तिचा आधीचा धंदा. त्याच तंत्रावर तिने १९९० साली 'मॅड डॉग मॅक्री' हा काऊबॉय गेम आणला. खोक्यात एक लेझरडिस्क प्लेअर आणि त्याला हुकूम देणारा अमिगा ५०० संगणक. अशा गेममध्ये नेम लागला की नाही हे चित्र पाहून ठरत नाही, तक्ता पाहून ठरतं. समजा, फ्रेम क्रमांक ४,१२० ते ४,१४० या दरम्यान खिडकीतला माणूस दिसतो. त्या वीस फ्रेमसाठी तक्त्यात एक चौकोन लिहून ठेवलेला असतो. त्या वेळात गोळी चौकोनात पडली तर तो मेल्याच्या तुकड्याकडे उडी, वेळ संपली तर तुम्ही मेल्याच्या तुकड्याकडे. चौकोन सैल काढला तर भिंतीवर मारलेली गोळीही लागते, घट्ट काढला तर छातीवर मारलेली चुकते. आणि माणूस दिसायला लागल्याच्या फ्रेमपासूनच चौकोन चालू केला नाही, तर चपळ खेळाडूलाच शिक्षा होते : त्याची गोळी खिडकी 'उघडण्याआधी' पडते. जुन्या व्हिडिओ गेम्सवर 'नीट नेम धरूनही लागत नाही' हा आक्षेप असतो, त्यामागे बहुधा असा ढिसाळ भरलेला तक्ता असतो.

हे घरात आणण्याचा एक मोठा प्रयत्न त्याआधीच व्हीएचएस टेपवर झाला होता. टॉम झिटो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हॅसब्रो या खेळणी कंपनीसाठी 'नेमो' या सांकेतिक नावाचा कन्सोल घडवायला घेतला. त्याचं बाजारातलं नाव कंट्रोल-व्हिजन ठरलं होतं. टेपला उडी मारता येत नाही, ती एकाच दिशेने धावते. म्हणून त्यांनी एकाच टेपवर अनेक दृश्यधारा आलटून-पालटून विणल्या. टेप सरळ चालत राहते आणि यंत्र प्रत्येक क्षणी त्यांतली हवी ती धारा उचलून दाखवतं. या कन्सोलसाठी 'नाइट ट्रॅप' या गेमचं चित्रण १९८७ साली झालं. 'सूअर शार्क'ही त्याच खटाटोपातला. मेमरी चिपांचे भाव चढले, यंत्र महाग पडायला लागलं आणि १९८९ साली हॅसब्रोने हात काढून घेतला. झिटोने गेम्सचे हक्क मिळवले आणि १९९१ साली डिजिटल पिक्चर्स ही कंपनी निघाली. तोवर सेगाला आपल्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलच्या सीडी जोडणीसाठी, म्हणजे अमेरिकेत सेगा सीडी म्हणून ओळखल्या गेलेल्या यंत्रासाठी, कार्ट्रिजवर (गेमची चिप असलेल्या डबीवर) मावणार नाही असं काहीतरी हवं होतं. ऑक्टोबर १९९२ मध्ये २९९ डॉलरला ते अमेरिकेत आलं.

इथून पुढे सगळी गोष्ट बाइटांची आहे.

सेगा सीडी एकपट वेगाने सीडी वाचतो : सेकंदाला ७५ सेक्टर, प्रत्येकात २,०४८ बाइट, एकूण १,५३,६००. आवाज अगदी साधा, ८ बिट आणि १६ किलोहर्ट्झचा एकेरी ठेवला तरी १६,००० गेले. सेकंदाला १५ फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे ९,१७० बाइट उरतात. मेगा ड्राइव्हची चित्र-चिप ८ बाय ८ ठिपक्यांच्या टाइलांनी चित्र रचते आणि एका टाइलला ३२ बाइट लागतात. २५६ बाय १४४ ठिपक्यांचं चित्र घेतलं तर ५७६ टाइल, १८,४३२ बाइट. म्हणजे प्रत्येक फ्रेम निम्म्यावर दाबून सीडीवर ठेवायची आणि चालू गेममध्ये फुगवायची. फुगवणार कोण? जोडणीतला १२.५ मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर. सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात त्याला ८.३३ लाख चक्रं मिळतात, एका बाइटामागे पंचेचाळीस. दोन बाइट मेमरीत एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवायलाच या प्रोसेसरला १२ चक्रं लागतात. उरलेल्यात फार हुशारीचं गणित होत नाही.

महाराष्ट्रात ज्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी भाड्याने व्हीसीडी आणून सिनेमे पाहिले त्यांना हे कोडं वाटेल. व्हीसीडीही एकपट वेगानेच फिरते, तरी तिचं चित्र पडदाभर आणि बऱ्यापैकी स्वच्छ असतं. फरक तबकडीत नाही, प्लेअरमध्ये आहे : व्हीसीडी प्लेअरमध्ये एमपेग-१ उलगडणारी खास चिप असते आणि ती आधीच्या फ्रेममधलं काय हललं एवढ्यावरून पुढची फ्रेम बांधते. फिलिप्सच्या सीडी-आय कन्सोलला अशी चिप वेगळ्या कार्ट्रिजमधून जोडावी लागे. सेगाने ती दिलीच नाही.

बाइट फुगवून झाले तरी ते चित्र-चिपच्या ६४ किलोबाइट मेमरीत पोचवायला हवेत आणि टीव्हीच्या नळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर चित्र काढत असताना तिकडे जाणारी वाट जवळपास बंद असते. ३२० ठिपके रुंदीच्या मोडमध्ये मोकळ्या एका रेघेत २०५ बाइट जातात. अमेरिकन टीव्हीच्या २६२ रेघांपैकी २२४ दाखवल्या तर ३८ मोकळ्या, म्हणजे साडेसात हजारांच्या आसपास बाइट. आता १४४ रेघांच्या चित्राच्या वर-खालच्या ८० रेघांत पडदा बंदच ठेवला, तर मोकळ्या रेघा ११८ होतात आणि एका दमात चोवीस हजार बाइट सरकतात. या गेम्समध्ये व्हिडिओ काळ्या चौकटीतल्या छोट्या खिडकीत दिसतो त्यामागे सिनेमास्कोपची हौस नाही; ती चौकट म्हणजे माल उतरवायचा धक्का आहे. गोळ्यांचा आकडा किंवा प्राणाची पट्टी त्या काळ्या भागात दाखवायची ठरवली की तेवढ्या रेघा धक्क्यातून वजा.

रंगांचीही तीच ओढाताण. ५१२ रंगांतून एका वेळी ६४, तेही १६-१६ च्या चार पट्ट्यांत, आणि एका टाइलला एकच पट्टी. त्वचेचा रंग गुळगुळीत दिसायला पंधरा छटा अपुऱ्या पडतात, म्हणून मधल्या छटा ठिपके विखरून भासवतात. जुन्या टीव्हीच्या काँपोझिट जोडणीत ते ठिपके एकमेकांत मिसळत. आजच्या पडद्यावर तीच चित्रं वाळूच्या कागदासारखी दिसतात.

आता या यंत्रावर फाट्यांच्या वाटेने गेम करून पाहा. प्रत्येक शत्रूसाठी दोन शेवट चित्रित करायचे आणि प्रत्येक फाट्यावर सीडीचं लेन्स नव्या जागी सरकवायचं. ते सरकेपर्यंत पडदा काळा किंवा चित्र गोठलेलं. त्यावर उपाय टेपच्या काळातलाच, दोन्ही तुकडे आलटून-पालटून विणायचे. पण विणले की प्रत्येक धारेच्या वाट्याला निम्मेच बाइट येतात. थरांच्या वाटेने हा पेच सुटतो. मागे जंगलातून सरकणारा व्हिडिओ अखंड चालू ठेवायचा, त्याला फाटाच नाही. शत्रू मात्र एकरंगी पडद्यासमोर वेगळा चित्रित करून, पार्श्वभूमी कापून, स्प्राइट म्हणून, म्हणजे पडद्यावर हवं तिथे हलवता येणारं वेगळं चित्र म्हणून, वर सोडायचा. तो मेला काय, वाचला काय, मागच्या व्हिडिओला फरक पडत नाही.

'कॉर्प्स किलर' याच वाटेने गेला. दिग्दर्शक जॉन लाफिया, ज्याचा 'चाइल्ड्स प्ले २' १९९० साली पडद्यावर आला होता. खलनायक डॉ. हेलमनच्या भूमिकेत व्हिन्सेंट स्कियाव्हेली. 'घोस्ट' पाहिलेल्यांना आगगाडीतलं रागीट भूत आठवेल, तोच. खेळणारा म्हणजे उष्ण कटिबंधातल्या एका बेटावर उतरलेला अमेरिकन मरीन. विन्स्टन नावाचा स्थानिक सोबती आणि ज्युली नावाची बातमीदार कॅमेऱ्यात, म्हणजे तुमच्या डोळ्यांत बघून बोलतात. मग नकाशावर ठिकाण निवडायचं आणि अंगावर धावून येणाऱ्या झॉम्बींवर गोळ्या झाडायच्या. साध्या गोळ्यांबरोबर धोतऱ्याचा अंश लावलेल्या खास गोळ्याही मिळतात. आपल्याकडे शंकराला वाहतात त्याच धोतऱ्याच्या कुळातला. हैतीच्या लोकसमजुतीत तो झॉम्बीशी जोडलेला आहे, आणि पटकथेने तो धागा तिथूनच उचललेला दिसतो.

झॉम्बी का सोयीचा, हे थरांच्या हिशेबात कळतं. जवळ आलेला एक झॉम्बी ९६ बाय १२८ ठिपक्यांचा धरा : १९२ टाइल, ६,१४४ बाइट. त्याच्या हालचालीच्या ४० फ्रेम केल्या की २४० किलोबाइट झाले. जोडणीत प्रोग्रामसाठी मेमरीच ५१२ किलोबाइट, त्यात खुद्द गेमही बसायचा. म्हणजे झॉम्बीचे प्रकार मोजके आणि एकेकाच्या फ्रेमही मोजक्या. चित्र-चिपची मेमरी पाहिली तर व्हिडिओच्या दोन प्रती, एक दिसणारी आणि एक तयार होणारी, ३६,८६४ बाइट खातात. टाइलांचे नकाशे वगैरे काढून जे उरतं त्यात असे तीन झॉम्बी मावतात, चौथा नाही. स्प्राइटांची मर्यादाही तिथेच येऊन थांबते. एका आडव्या रेघेवर स्प्राइटांचे ३२० ठिपके चालतात. तीन झॉम्बी शेजारी-शेजारी आले की २८८ होतात, चौथ्याच्या अंगाचा तुकडा गायब. हे आकडे वर धरलेल्या मापाचे आहेत, पण माप थोडं बदललं तरी जात तीच.

एवढ्या तुटपुंज्या साहित्यात चालता-बोलता सैनिक उभा करून पाहा. तोच चेहरा चौथ्यांदा आला की हसू येतं, सेकंदाला दहा-बारा फ्रेमची चाल अडखळते, कापलेल्या कडेला पडद्याच्या रंगाची झालर राहते, आणि त्याने आडोसा का घेतला नाही असा प्रश्न पडतो. झॉम्बीला हे सगळं माफ. फाटक्या कपड्यांच्या कडा मुळातच वेड्यावाकड्या, चाल मुळातच अडखळती, चेहरे रंग फासून एकसारखे केलेले. आणि तो बुद्धी न वापरता सरळ तुमच्याकडेच येतो, म्हणून त्याला फक्त मोठा-मोठा करत नेलं की काम झालं. डिजिटल पिक्चर्सचाच १९९३ सालचा 'ग्राउंड झीरो : टेक्सस' तुलनेला घ्या. तिथे परग्रहवासी गावातल्या माणसांच्या वेषात खिडक्या-दारांतून डोकावतात आणि सगळं चित्रितच आहे. दोन सीडी लागल्या. दिसायला तो अधिक सिनेमासारखा, पण खेळताना दृश्यं पाठ होतात. 'कॉर्प्स किलर'मध्ये झॉम्बी कधी, कुठून येतील ते बदलत राहतं. त्याची शिक्षाही आहेच : तासाभरात सगळे झॉम्बी ओळखीचे होतात.

काळही असा होता की मेलेल्यालाच मारणं बरं. ९ डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकन सिनेटमध्ये जो लिबरमन आणि हर्ब कोल यांच्या पुढाकाराने व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली. 'मॉर्टल कॉम्बॅट'च्या जोडीने 'नाइट ट्रॅप' आरोपीच्या पिंजऱ्यात होता. खरं तर त्यात खेळणाऱ्याने मुलींना वाचवायचं असतं. पण खऱ्या नटीवर हल्ला होताना दिसतो एवढं आरोपाला पुरेसं ठरलं. मोठ्या खेळणी-दुकानांनी तो काढून टाकला आणि जानेवारी १९९४ मध्ये सेगाने मागे घेतला. त्याच वर्षी वयोगट ठरवणारी ईएसआरबी ही व्यवस्था उभी राहिली. अशा वर्षात डिजिटल पिक्चर्सचा पुढचा नेमबाजी गेम झॉम्बींचा निघाला, हे आम्हाला निव्वळ योगायोग वाटत नाही.

पुढची यंत्रं रंगात सुधारली, गाभ्यात नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये आलेल्या सेगा ३२एक्स जोडणीत दोन एसएच-२ प्रोसेसर आणि ३२,७६८ रंग होते. सीडी आणि ३२एक्स दोन्ही लागणारे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. 'कॉर्प्स किलर' त्यांतला एक. चेहऱ्यावरची वाळू गेली, पण माल त्याच एकपट सीडीतून येत होता. ऑक्टोबर १९९३ मध्ये ६९९ डॉलरला आलेल्या ३डीओ या कन्सोलमध्ये सीडी दुप्पट वेगाची आणि सेगाच्या पुढच्या कन्सोलमध्ये, सॅटर्नमध्येही, तीच. 'कॉर्प्स किलर'ची सॅटर्नवरची आवृत्ती 'ग्रेव्हयार्ड एडिशन' म्हणून निघाली. या यंत्रांवर सिनेपॅक ही दाबण्याची पद्धत बरीच चालली. ती ४ बाय ४ ठिपक्यांच्या ठोकळ्यांसाठी नमुन्यांची छोटी वही बनवते आणि फ्रेममध्ये फक्त वहीतले क्रमांक लिहिते. उलगडणं स्वस्त, म्हणून वेग मिळतो. पण धुकं, धूर किंवा पानांची सळसळ आली की वहीतले नमुने पुरत नाहीत आणि चित्र चौकडीच्या कापडासारखं दिसायला लागतं. जंगलातल्या झॉम्बी-गेमला याहून वाईट पद्धत शोधूनही सापडली नसती.

मग त्रिमिती आली. १९९५ च्या आर्केडमधल्या 'एरिया ५१'ने हार्डडिस्कवरून पार्श्वभूमी धावती ठेवली आणि त्यावर झॉम्बी झालेले सैनिक सोडले; थरांच्या वाटेचं ते सगळ्यांत सफाईदार रूप. त्यानंतर सेगाच्याच 'द हाउस ऑफ द डेड'मध्ये झॉम्बी बहुभुजांचे, म्हणजे संगणकाने जोडलेल्या त्रिमिती तुकड्यांचे, झाले आणि गोळी लागेल तिथे देह फुटायला लागला. चित्रित नटाच्या हाताला गोळी लागली तर हाताचीच दुसरी फ्रेम लागते. बहुभुजांच्या देहाचा हात नुसता वेगळा करता येतो. १९९६ साली डिजिटल पिक्चर्स बंद पडली.

ज्यांना मूळ यंत्रावर हे खेळून पाहायचं आहे त्यांची पहिली गाठ विजेशी पडते. मेगा ड्राइव्ह, सीडी आणि ३२एक्स यांना तीन वेगळे अडॅप्टर लागतात. पहिल्या मॉडेलचा कन्सोल आणि सीडी जोडणी ९ व्होल्टवर चालतात आणि पिनचा आतला भाग ऋण असतो. दुसऱ्या मॉडेलचा कन्सोल आणि ३२एक्स १० व्होल्टचे, आतला भाग धन. हाताला लागेल तो अडॅप्टर बळेच बसवला तर नशीब चांगलं असेल तेव्हा फक्त फ्यूज जातो. भारतात चालवायचं तर अमेरिकन १२० व्होल्टचा अडॅप्टर थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात घालू नका. ३२एक्सवर नुसताच एक थर दिसत असेल आणि बाकी काळं, तर मेगा ड्राइव्हच्या व्हिडिओ आउटपासून ३२एक्सला जाणारी छोटी केबल आधी तपासा. दोन यंत्रांची चित्रं एकत्र होतात ती तिच्यामुळे.

दुसरं दुखणं लेन्सचं. इतर गेम चालतात, फक्त व्हिडिओवाले अडखळतात, म्हणजे सीडी खराब असं लगेच ठरवू नये. साधा गेम एकदा वाचून घेतो. मधला सेक्टर चुकला तर पुन्हा वाचायला त्याला सवड असते. व्हिडिओ गेम अखंड वाचत राहतो, एक सेक्टर दुसऱ्यांदा वाचायला गेला की पुढच्या फ्रेमची वेळ टळते आणि आवाज तुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने लेन्स हलक्या हाताने पुसून पाहा, मग सरकदांडीवरचं वाळलेलं ग्रीस काढून नवं लावा. लेझरची शक्ती वाढवणारा स्क्रू फिरवण्याचा मोह शेवटपर्यंत टाळा, कारण त्याने काही महिने चित्र सुधारतं आणि मग लेझरच जातो.

आणि बंदूक. त्या काळची लाइटगन झोत तिच्यासमोरून गेला तो क्षण पकडते आणि कन्सोल त्या क्षणी झोत कुठे होता ते पाहतो. अंधाऱ्या स्मशानात झोत दिसणार नाही, म्हणून चाप ओढताच गेम पडदा क्षणभर पांढरा करतो. चौसष्ट रंगांची पट्टी बदलली की झालं, व्हिडिओला हात लावावा लागत नाही. एलसीडी पडद्यावर असा फिरता झोतच नसतो, त्यामुळे बंदूक तिथे आंधळी. २०१९ साली 'कॉर्प्स किलर'ची पंचविसाव्या वर्षाची आवृत्ती आजच्या कन्सोलवर निघाली आहे. मूळ यंत्रावर लाइटगन चालणारे या जातीचे बाकीचे गेम खेळायचे असतील, तर कोपऱ्यात पडलेला पिक्चर-ट्यूबचा टीव्ही अजून भंगारात देऊ नका.